फिरत्या टेबलावरचा मासा

लेक शिकायला परदेशात होती तेव्हा एका चिनी जोडप्याच्या घरी राहायची. ते दोघं भेटायला येणार म्हटल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले, बाबांना नवा शर्ट आणला आणि बाजारामागच्या जुन्या चिनी हॉटेलात टेबल राखून ठेवलं.

"मावशीला तिथलं नक्की आवडेल," ती म्हणाली.

आईने चष्मा पुसत विचारलं, "मला सख्खी काय, चुलत बहीणही नाही. ही मावशी कुठून उपटली?"

"आई, प्लीज हं."

आई शाळेच्या वाचनालयात नोकरीला. दिवसभर पोरांना 'गप्प बसा' म्हणणारी बाई, पण त्या दिवशी गप्प बसणं तिलाच जड जात होतं.

मावशी ठेंगणी, पांढरे केस कानामागे सारलेले, अंगात करडं रेशमी जाकीट. हॉटेलच्या दारातच तिने लेकीचे गाल दोन्ही हातांत धरले आणि काहीतरी म्हणाली. लेक खुदकन हसली.

"काय म्हणाली?"

"वाळलीस म्हणते."

आईला झोंबलं. पोर परत आल्यापासून ती तिला रोज समोर बसवून खाऊ घालत होती.

टेबल गोल होतं, मधोमध फिरणारी काच. लेक मावशीशेजारी बसली, मावशीच्या पेल्यात चहाही तीच ओतत होती. तिकडे बाबांची आणि मावशीच्या नवऱ्याची चॉपस्टिक्समधून निसटणाऱ्या शेंगदाण्यांवरून गट्टी जमली होती. दोघांना एकमेकांच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं. आईकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

मग आख्खा वाफवलेला मासा आला. मावशीने त्याच्या गालाजवळचा लुसलुशीत तुकडा काढून लेकीच्या वाटीत ठेवला. घरी मासा शिजला की नाक दाबून गॅलरीत पळणारी ही पोर, आता मिटक्या मारत खात होती.

"तू मासे खातेस?"

"कधीची! मावशीनेच लावली सवय."

मावशीने पुन्हा माशाकडे चॉपस्टिक्स नेल्या, तशी आईने काच फिरवली. मासा बाबांपुढे गेला. मावशी हसली, थांबली. मासा फिरून तिच्यासमोर आला, आईने परत फिरवला. पुढच्या खेपेला हात जरा जोरातच पडला. कडेची सोया सॉसची वाटी कलंडली आणि काळा ओघळ थेट मावशीच्या बाहीवर गेला.

"आई!"

लेक नॅपकिन भिजवून बाही पुसू लागली, वाकून, अगदी हळुवार. आईला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हे वाटलं, की सॉस माझ्याच अंगावर सांडायला हवा होता.

मावशी काहीतरी बोलली. लेकीचा हात थबकला.

"काय म्हणते?"

"काही नाही."

"सांग."

"म्हणते, हे तू मुद्दाम केलंस."

बाबांचा शेंगदाणा टेबलावर टपकला. आईने मान खाली घातली. मावशी मात्र तिच्याकडेच बघत बोलत राहिली आणि लेक अडखळत सांगत गेली.

"म्हणते, तुमच्या जागी मी असते तर आख्खा मासाच ओतला असता. म्हणते, मी जे करेन ते तुमची लेक खायची आणि वर म्हणायची, छान आहे, पण आईच्या हातचं वेगळंच. मला तुमचा इतका राग यायचा, की तुमचा फोन आला की मी भांडी आपटायचे."

आईने लेकीकडे पाहिलं. "असं म्हणायचीस?"

"म्हणायचे."

"मग मला कधीच का नाही म्हणालीस?"

लेक ओल्या नॅपकिनच्या घड्या घालत राहिली.

आईने घोटभर चहा घेतला. मनातला सल काही पुरता गेला नव्हता.

"हिला सांग, उद्या दुपारी दोघं घरी जेवायला या."

"आई, हे आमंत्रण आहे की आव्हान?"

"तू फक्त सांग."

मावशीने ऐकून घेतलं आणि अट घातली, एक पदार्थ मी करणार.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा ॲप्रन घेऊनच आली. लेक स्वयंपाकघराच्या दारात घुटमळली. "मी काय करू?"

"बाहेर बस," आई म्हणाली. मावशीनेही तिला हाताने बाहेरची वाट दाखवली.

मग आईने ओट्यावरची अर्धी जागा मोकळी केली आणि मावशीला शेगडीचा बर्नर दिला. लहान होता तो, मोठा आईने स्वतःकडेच ठेवला. मावशीने ज्योत पाहिली, आईकडे पाहिलं, आणि आलं किसायला घेतलं.