जुना पाण्यात सोडा

रेवणप्पा मानमोडीच्या साथीत गेला आणि त्याची बायको दानम्मा रडली नाही, ही एकच बातमी घाटनांदूरला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरली. आता खरं बघितलं तर त्या साली कुणी कुणासाठी रडायचं? सकाळी ताप यायचा, मान मोडल्यासारखी दुखायची आणि चार दिवसांत चांगला धडधाकट गडी आटपायचा. गल्लीत एक घर सुटलं नव्हतं. पण लोकांना आपलं दुःख बाजूला ठेवून दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं का नाही हे बघायची भारी हौस. शेजारची केसरबाई तर रोज येऊन बसायची आणि पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "रड गं बाई, मोकळी हो." दानम्मा "हो" म्हणायची आणि ज्वारी निवडत राहायची.

तिला रडू येत नव्हतं, बस्स. त्यात मानीपणा नव्हता की कसला निर्धार नव्हता. आत काही हलतच नव्हतं. भाकरी खाल्ली तर खाल्ली, नाही खाल्ली तर नाही. तव्याचा चटका बसला तरी हात मागे घ्यायचं सुचायला उशीर व्हायचा. कुणी हाक मारली की ती वळून बघायची, आणि वळल्यावर हाक मारणाऱ्याला वाटायचं की उगाच मारली.

रेवणप्पाचं आणि त्याचा धाकटा भाऊ गुरुलिंग याचं मिळून किराण्याचं दुकान होतं. पण दुकान चालवायचा गुरुलिंगच. रेवणप्पाचा सगळा जीव 'बेलपान'मध्ये. 'बेलपान' म्हणजे त्याचं हातानं लिहिलेलं मासिक. नावाला मासिक, निघायचं चार-सहा महिन्यांनी, आणि तेही एकच प्रत. छापखाना काढायचा तर थेट सरकारात, हैदराबादेपर्यंत अर्ज-दरखास्ती कराव्या लागायच्या, आणि मराठीत काय छापणार, कशाला छापणार म्हणून दहा साहेब दहा सवाल विचारायचे. रेवणप्पा म्हणायचा, "छापायला इजाजत लागती. लिवायला कुणाच्या बापाची लागती?" मग तो बोरू घेऊन बसायचा आणि जाड कागदावर टपोऱ्या बाळबोध अक्षरांत लिहून काढायचा. बैलाच्या पोटफुगीवर औषध, चार उखाणे, एखादी गोष्ट, आणि एकदा तर पोलिसातल्या अमीनसाहेबाच्या घोडीची हकिकत. त्या घोडीला म्हणे साहेबापेक्षा तालुका जास्त ठाऊक होता. कुणाच्या दारात थांबलं की चंदी मिळते हे तिला न सांगता कळायचं. ती हकिकत वाचून लोक पोट धरून हसले आणि मग दार लावून परत हसले.

अंक तयार झाला की बाजाराला आलेल्या कुणाच्या तरी गाडीतून तो पुढच्या गावी जायचा, तिथून त्याच्या पुढच्या. ज्या गावात एक वाचणारा असेल तिथे तो मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे भोवती बसायचे.

दानम्माला वाचता येत नव्हतं. पण 'बेलपान' तिच्याशिवाय निघत नव्हतं, हेही खरं. शाई तिची. दिव्यावर वाटी उपडी धरून काजळी जमवायची, बाभळीचा डिंक घालून ती लोखंडी खलात घोटायची आणि शेवटी लाखेचं पाणी टाकायचं. ही लाखेची गोष्ट तिची स्वतःची. नुसत्या डिंकाची शाई ओल्या बोटानंही पसरते. दानम्माची शाई एकदा वाळली की वाळली. आणि शिवणही तिचीच. पानं जुळवून दाभणानं भोकं पाडायची आणि दुहेरी दोऱ्यानं पक्की शिवायची. ती शिवत असताना रेवणप्पा एकेक पान वाचून दाखवायचा. शेवटचं पान तेवढं वाचायचा नाही. "ते न्हेमीचंच हाय," म्हणायचा, आणि तीही सुई ओवून मोकळी व्हायची.

असे दोन अंक फिरून घरी आले होते. तिसरा श्रावणात बाहेर पडला, आणि तो फिरत असताना इकडे रेवणप्पा गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली, गावाबाहेरच्या त्यांच्या शेताच्या बांधाशी. परत आल्यावर गुरुलिंगानं रोगाच्या भीतीनं भावाचं अंथरूण-पांघरूण, कपडे आणि उशाशी असलेली लाकडी पेटी, सगळं परसात नेऊन जाळलं. वैद्यानंच तसं सांगितलं होतं. पेटीत ते दोन अंक होते, बोरू होते, लिहिलेले-खोडलेले सगळे कागद होते. दानम्मा तिथेच उभी राहून बघत होती. थांबवावं असं तिच्या मनातच आलं नाही. मनच जागेवर नव्हतं तर येणार कुठून?

मग एक दिवस ती खल घासायला बसली. खलाच्या तळाशी शाईचा काळा थर तसाच धरलेला होता. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या घरात आता त्याचं एक अक्षरसुद्धा राहिलेलं नाही. फोटो नव्हता, अशा कुणाच्या घरी तेव्हा फोटो असायचे? दुकानाचा हिशेब गुरुलिंगाच्या मोडीत. रेवणप्पाच्या हातचं या जगात आता काही असेल तर तो तिसरा अंक, आणि तो कुठल्या गावात आहे हे देवाला ठाऊक.

"भावजी," तिनं संध्याकाळी गुरुलिंगाला विचारलं, "तिसरं बेलपान कुठं हाय?"

महिन्या-दीड महिन्यात तिनं आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. गुरुलिंग गडबडला. "इचारतो वैनी. का? काय करायचं हाय त्याचं?"

"मला पायजे."

गुरुलिंग माणूस काही वाईट नव्हता. पेटी जाळल्याचं त्याला आता खटकलं, आणि त्यापुढे बाजाराला आलेल्या प्रत्येक गाडीवानाला त्यानं धरून विचारलं. एक म्हणाला उमापुरात होता. दुसरा म्हणाला उमापुराहून निघाला, बीडकडं गेला. शेवटी पालीचा एक माणूस भेटला. अंक त्यांच्याच गावात राधाकिशनच्या घरी होता. राधाकिशन म्हणजे चांगल्या खातेदार घरातला, शिकलेला, बेलपानाचा पहिल्यापासूनचा वाचणारा. रेवणप्पा गेल्याचं ऐकून तो मटकन खाली बसला म्हणे, आणि निरोप दिला की अंक मी स्वतः घेऊन येतो, वैनींच्या हातात देतो.

त्या निरोपावर दानम्मा जगली म्हटलं तरी चालेल. भिंतीतल्या देवळीतली दिव्याची चिमणी काढून तिनं देवळी शेणानं सारवली. एक धुवट फडकं घडी घालून ठेवलं. केसरबाईनं विचारलं, "कशाची तयारी गं?" तर म्हणाली, "येणार हायेत." केसरबाईनं त्याच दिवशी चार घरी सांगितलं की दानम्माच्या डोक्यावर परिणाम झाला.

माघ लागला आणि राधाकिशन आला. अंगात धुवट बाराबंदी, डोक्याला नीट बांधलेला रुमाल, काखेत गुंडाळी. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि रेवणप्पाचं नाव घेताच त्यानं बाराबंदीच्या बाहीनं डोळे टिपले. गुरुलिंगाचेही डोळे ओले झाले. दानम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचं लक्ष गुंडाळीवर.

राधाकिशननं फडकं सोडलं आणि अंक दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या वैनी. तुमचं हाय ते."

तिनं घेतला. हाताला कागद नवा लागला. पहिल्यांदा तिनं शिवण बघितली. एकेरी दोरा, ढिला, गाठ बाहेर. ही शिवण तिची नव्हती. मग पान उघडलं. अक्षर गोल होतं, सारखं होतं, ओळीत बसवलेलं होतं. रेवणप्पाचं अक्षर असं कधीच नव्हतं. त्याच्या ओळी उजवीकडे जाता जाता वर चढायच्या, आणि बोरू बुडवून परत टेकवला की तिथलं अक्षर जाड पडायचं. वाचता येत नसलं म्हणून काय झालं? आपलं माणूस लांबून नुसत्या चालीवरून ओळखू येतं, तसं तिला ते ओळखू यायचं. तिनं दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. सगळीकडे तोच गोल, देखणा, परका हात.

"हे त्यांचं न्हाई," ती म्हणाली.

"त्यांचंच हाय वैनी!" राधाकिशन घाईनं म्हणाला. "कानामात्रेचा फरक न्हाई. उमापुरात उंदरानं कोपरे खाल्ले हुते, येताना गाडीत भिजला, पानं पार लोंबायला लागलती. मी सगळा उतरून काढला. घोडीची गोष्ट, उखाणे, सगळं. बोटं दुखली बगा, पण एक शबुद सोडला न्हाई."

"आन जुना?"

"जुना बिंदुसरा नदीत सोडला. वाहत्या पाण्यात, फूल वाहून." मग त्याला वाटलं, बाईला बरं वाटेल असं काही बोलावं. म्हणून बिचारा म्हणाला, "तुमची शाई मातर लई पक्की, वैनी! इतका भिजलेला कागद, पन अक्षर सुटलं न्हाई. पानं मोकळी होऊन तरंगत गेली. वळणापोत्तर वाचता येत हुतं."

गुरुलिंगानं मान खाली घातली.

"पाण्यात सोडायला कुणी सांगितलं तुमाला?" दानम्मानं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण गुरुलिंगानं दचकून वर बघितलं.

राधाकिशन गोंधळला. "कुणी म्हंजे... रेवणप्पांनीच की. शेवटच्या पानावर हाय ना. दर अंकात असतंय." त्यानं तिच्या हातातला अंक अदबीनं घेतला, शेवटचं पान काढलं आणि वाचलं. "वाचून झाला की पुढच्या गावास द्यावा. घरात दडवू नये. फाटल्यास स्वच्छ उतरून काढावा आणि जुना पाण्यात सोडावा. लिहिलेला मजमून महत्त्वाचा, कागद नव्हे."

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं.

तीन वेळा तिनं या पानातून दाभण घातलं होतं. तीन वेळा या पानावर बोट दाबून धरून दोरा ओढला होता. ते पान काय म्हणतंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नेहमीचंच हाय, म्हणे! आणि राधाकिशनचा तरी काय दोष? सांगितलं ते त्यानं मन लावून केलं. वरून फूलही वाहिलं.

"वैनी, माझं काय चुकलं का?" राधाकिशननं विचारलं. त्याचा चेहरा अगदी उतरला होता.

"न्हाई भाऊ. तुमचं काय चुकलं न्हाई," दानम्मा म्हणाली. "बसा. भाकरी खाऊन जावा."

तिनं त्याला जेवायला वाढलं. भाकरी, पिठलं, वर मिरचीचा ठेचा. तो खाली मान घालून जेवला. मग ती दाभण, सुई आणि दोरा घेऊन ओसरीवर बसली. राधाकिशनची ढिली शिवण तिनं उसवली, पानं आपटून सारखी केली आणि आपल्या पद्धतीनं दुहेरी दोऱ्यानं शिवली. शेवटच्या पानाशी आल्यावर थांबली. ते पान तिनं मजकूर आत येईल असं मधोमध दुमडलं आणि तिन्ही उघड्या कडांनी बारीक टाक्यांनी शिवून बंद करून टाकलं. गोधडीला घालतात तसे टाके, दोऱ्याला दोरा लागून.

गुरुलिंग बघत होता. न राहवून म्हणाला, "वैनी, नेम झाकला तर लोकांला कळायचं कसं?"

"नगं कळाय."

"मग घरात ठिवायचा का ह्यो अंक?"

"घरात कावून ठिवायचा? ह्यात माझं काय हाय?" तिनं दोरा दातानं तोडला आणि अंक राधाकिशनच्या पुढ्यात ठेवला. "न्या. वाचा, हसा, पुढं द्या. फाटला तर माझ्याकडं आणा. मी शिवून देईन. पाण्यात घालायचा न्हाई."

राधाकिशननं अंक परत फडक्यात बांधला. जाताना तो दोघांच्याही पाया पडायला वाकला, आणि आपण मोठे की लहान हे कुणालाच त्या वेळी आठवलं नाही.

तो गेल्यावर दानम्मानं सारवलेली देवळी बघितली. धुवट फडकं तिथे घडी घालून तसंच होतं. ते उचलून तिनं तोंड पुसलं आणि उन्हातच घराबाहेर पडली. डोक्यावरचा पदर घसरला तरी सावरला नाही. गल्लीतून तरातरा चालत गावाबाहेर गेली, शेताच्या बांधाशी, समाधीपाशी. इतक्या दिवसांत ती तिकडे फिरकली नव्हती. समाधीवरची माती अजून नीट बसलेली नव्हती.

"अवो," ती म्हणाली. "मजमून महत्त्वाचा, म्हणं! कुणाला महत्त्वाचा? मला वाचता येतंय का? सगळं वाचून दाखवलं, घोडी दाखवली, बैलाचं औषध दाखवलं, आन येवढं एक पान राहिलं का तुमाला? इचारायचं तरी हुतं मला. म्या लाख घालून शाई केली ती काय नदीत वाचायला?"

आवाज वाढत गेला. शब्द संपले तसा नुसताच आवाज राहिला. खाली बसून तिनं दोन्ही मुठींत समाधीवरची माती धरली आणि इतक्या मोठ्यानं हंबरडा फोडला की पलीकडच्या रानात काम करणाऱ्या बायका खुरपी टाकून उभ्या राहिल्या. केसरबाई धावत आली, लांबूनच बघितलं आणि पदर डोळ्याला लावून परत फिरली. दिवस मावळायच्या आत तिनं सगळ्या घाटनांदूरला सांगितलं, की रडली गं बाई एकदाची, मोकळी झाली.

गावाला काय कळतंय? ती भांडत होती.