रूपाची अक्कलदाढ

डॉक्टर विशाखानं पडद्यावरचा एक्स-रे पुन्हा मोठा करून पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. रूपाच्या जबड्यात अक्कलदाढेचा मागमूस नव्हता. वर नाही, खाली नाही, कुठंच नाही. काही माणसांना ती येतच नाही, पण नेमकं याच पोरीच्या नशिबी यावं?

बाकीच्या दातांची मुळं पूर्ण झाली होती, म्हणजे पोरगी पंधराच्या पुढची. तिथून अठरापर्यंतचं वय सांगायला एकटी अक्कलदाढच उरते, आणि तीच गैरहजर. मनगटाच्या हाडांनी आधीच 'सतरा ते एकोणीस' म्हणून हात झटकले होते. मेंढरांमागं फिरताना माळावर जन्मलेल्या रूपाकडं जन्माचा दाखला नव्हता, शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सोयगावकडच्या मामानं, मुंजाबानं, तिचं लग्न ठरवलं. तिनंच कुणाच्या तरी मोबाइलवरून तक्रार केली, म्हणून ऐन हळदीत ते थांबलं आणि तिला तपासणीला संभाजीनगरला आणलं.

अठराच्या आतली निघाली तर बालगृह, नाहीतर मामाचं घर, असं सगळेच धरून चालले होते. विशाखाही.

"एक आकडा लिहा ना मॅडम," सोबत आलेल्या पोलीस शीलाबाई म्हणाल्या. "साहेब मलाच बोलतात."

"कुठून आणू आकडा?" विशाखा चिडली. इतकी वर्षं शिकून शेवटी हात वर करायचे, याची तिला लाज वाटत होती. 'सतरा' लिहून मोकळं व्हावं असं फार वाटत होतं. पण खोटं लिहिणं तिला जमणार नव्हतं. तिनं लिहिलं: पंधराच्या पुढे; अठरा पूर्ण झाली की नाही, दातांवरून सांगता येत नाही.

दाराशी थांबलेला मुंजाबा खुलला. "म्हंजी अठराची असू शकती. झालं तर मग. चल गं, घरी." त्यानं रूपाची पिशवी उचलली.

रूपा खुर्चीतून हलली नाही. "मॅडम, मी लहान असंन तर लगीन लावता येत नाय ना?"

"नाही."

"आन् अठराची असंन तर मर्जी कुणाची? माझी का मामाची?"

"तुझी," विशाखा म्हणाली. सकाळपासून ती या पोरीच्या तोंडात डोळे घालून बसली होती, पण तुला काय हवंय, एवढं तिनं विचारलं नव्हतं. तिला स्वतःचाच संताप आला.

"मंग कसंबी धरा, मला मामाकडं जायचं नाय. लिवून घ्या," रूपा शीलाबाईंना म्हणाली, आणि तिनं मामाच्या हातातून पिशवी काढून घेतली.