तीस एप्रिलचा राजीनामा

मला राग लवकर येतो. आई म्हणायची, अंजू, हा राग एक दिवस तुझी नोकरी खाईल. झालं उलटंच. तीन वर्षं मी राग गिळला आणि त्यानंच नोकरी जायची वेळ आली.

२००९ चा जून होता. सातपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बारावीला राज्यशास्त्र शिकवत होते. शिक्षणसेवक म्हणून माझी तीन वर्षं चौदा जूनला पुरी होत होती. पंधरापासून मी कायम. घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईनं पंधरा तारखेला लाल पेनानं गोल केला होता. ज्याला त्याला ती तो गोल दाखवायची.

सहा तारखेला, शनिवारी, बारावीच्या सुट्टीतल्या जादा तासाला मी सकाळचा पेपर घेऊनच वर्गात गेले. धडा ब्रिटनच्या मंत्रिमंडळाचा होता आणि पेपरात तिकडचंच मंत्रिमंडळ फुटत होतं. असा योग मास्तरकीत वर्षानुवर्षं येत नाही. मी भलत्याच उत्साहात होते.

"लंडनमध्ये आठवडाभर मंत्री एकामागून एक राजीनामे देतायत," मी म्हणाले. "खासदारांनी सरकारकडून कसले कसले घरखर्च मागितले ते बाहेर आलं. एकानं तर तळ्यातल्या बदकांच्या घराचं बिल लावलं होतं."

पोरं हसली. पोरांना बदकं आवडली.

"हसू नका. एका मंत्र्यानं परवा पंतप्रधानांना पत्र लिहिलं. मी जातो, आणि पक्षाचं भलं हवं असेल तर तुम्हीही बाजूला व्हा. पत्र थेट पेपरवाल्यांना दिलं. सही त्याची, तारीख त्याची, कारणही त्याचं. याला म्हणतात राजीनामा."

"आपल्याकडं का नाही देत मॅडम?" मागून कोणीतरी विचारलं.

"आपल्याकडं खुर्चीला गोंद लावून बसतात. स्वतःची चूक कबूल करून खुर्ची सोडणारा एक माणूस दाखवा मला. एकच! पेपर न तपासता शंभरपैकी शंभर देते."

वर्ग खदखदला. पहिल्या बाकावरच्या सविताने तेही वहीत लिहून घेतलं. ती पोरगी माझे विनोदसुद्धा लिहून घेते.

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. प्राचार्य भोये सर उभे होते. कधीचे उभे होते कोण जाणे. ते हसत नव्हते.

"पगारे मॅडम," ते म्हणाले, "तास संपला की ऑफिसात या."

गोटीराम भोये म्हणजे आमच्या कॉलेजातला एकमेव माणूस, ज्याच्यापुढे मी आवाज चढवत नव्हते. हरसूलच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरून आलेले, गावातले पहिले पदवीधर. सव्वीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. मुलाखतीत माझी बाजू त्यांनीच लावून धरली होती. राज्यशास्त्राचे आम्ही दोघेच. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या जुन्या नोट्स माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "घाबरू नका. ब्रिटनची राज्यघटना लिहिलेलीच नाय, तेव्हा नोट्स जुन्या झाल्या तरी चालतंय."

ऑफिसात ते नव्हते. हेडक्लार्क लहानूभाऊंनी एक पाकीट पुढं सरकवलं आणि लगेच मान खाली घालून रजिस्टर उघडलं. आत संस्थेचं पत्र होतं. आपण दिनांक ३० एप्रिल रोजी दिलेला राजीनामा संस्थेने मंजूर केला असून आपणास १४ जूनपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे.

मी कधी दिला राजीनामा? दिला होता, तीन वर्षांपूर्वी, रुजू झाले त्याच दिवशी. आमच्या संस्थेची ही रीतच होती. नेमणुकीचं पत्र एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं राजीनामा लिहून घ्यायचा. मजकूर लहानूभाऊ तोंडपाठ सांगायचे, "वैयक्तिक कारणास्तव आज रोजी मा. प्राचार्यांच्या समक्ष स्वखुशीने राजीनामा देत आहे." तारखेची जागा तेवढी कोरी. "ही नुसती फॉर्मॅलिटी हाय मॅडम, सगळेच देतात," असं तेव्हा ते म्हणाले होते. सगळ्यांनीच दिले होते. स्टाफच्या बावीस जणांचे बावीस कोरे राजीनामे संस्थेचे अध्यक्ष रावजी आबा यांच्या लोखंडी कपाटात होते. आणि मी! मुलांना राज्यघटना शिकवायला निघालेली मी, सही करून, वर थँक्यू म्हणून बाहेर आले होते. त्या थँक्यूची मला आजही लाज वाटते.

पाकिटात राजीनाम्याची झेरॉक्सही होती. अक्षर माझं, सही माझी, तारीख लहानूभाऊंच्या हातची. आणि खाली 'माझ्या समक्ष दिला' असं लिहून सही, गो. रा. भोये.

ते सायकल स्टँडपाशी सापडले.

"सर, मी तुमच्या समक्ष राजीनामा दिला?"

ते सायकलचं कुलूप उघडत राहिले. "आबांनी समोर ठेवला. सही केली."

"वाचून केली की न वाचता?"

"वाचून." ते खोटं बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं. "त्यांच्या सूनबाईंना जागा पायजे. एम.ए. झाल्यात, राज्यशास्त्र घेऊन. मी नाय म्हणलो असतो तर माझा कागद निघाला असता, मॅडम. माझाबी हाय कपाटात, सव्वीस वर्षांपासनं."

"मग वर्गाच्या दारात उभं राहून काय ऐकत होता? लाज नाही वाटली?"

हे मी भोये सरांना म्हणाले. भर आवारात, वरच्या पट्टीत. त्यांनी सायकल बाहेर काढली. वर बसले नाहीत. हातात धरून चालत गेले.

घरी आल्यावर मी कॅलेंडर फाडणार होते. आईनं हात धरला. तिनं चष्मा लावून ती झेरॉक्स दोनदा वाचली. माझी आई सातवी पास आहे, पण रेशनकार्डापासून कोर्टाच्या समन्सापर्यंत कागद कसा वाचायचा ते तिला बरोबर कळतं.

"तीस एप्रिल?" ती म्हणाली. "अगं, तीस एप्रिलला मतदान नव्हतं का? तू डोंगरात होतीस ना, लोकांच्या बोटांना शाई लावत?"

मी झेरॉक्स तिच्या हातातून ओढून घेतली. लोकसभेचं मतदान! आदल्या दिवशी पेटी-मशीन घेऊन आम्ही पेठकडच्या केंद्रावर गेलो होतो आणि तीस तारखेच्या रात्री उशिरा परतलो होतो. भोये सर घोटीकडच्या केंद्रावर केंद्राध्यक्ष होते. आमच्या कॉलेजातच मतदान केंद्र होतं, ऑफिसला कुलूप आणि दारात पोलीस. आणि या शहाण्यांनी त्याच दिवसाचा आवक शिक्का मारला होता! सवयीनं. आमच्याकडे कोणालाही घालवायचं झालं की तारीख ठरलेली, तीस एप्रिल, सत्राचा शेवटचा दिवस. माझ्याआधी चौघं त्याच तारखेनं गेली होती. लहानूभाऊंचा हात आपोआप तिकडे वळला असणार.

मंगळवारी निवडणुकीच्या ड्यूटीचा आदेश पर्समध्ये घालून मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. रावजी आबांच्या डोक्यावर 'विद्या विनयेन शोभते' अशी पाटी आहे. पाटीखाली ते पान खात बसले होते. लहानूभाऊ होते, भोये सर भिंतीकडच्या खुर्चीत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

आदेश टेबलावर ठेवला. "त्या दिवशी मी सरकारी ड्यूटीवर होते. सरही होते. कॉलेजला कुलूप होतं. मग राजीनामा दिला कोणी, घेतला कोणी?"

आबांनी आदेश वाचला आणि हसले. मनापासून हसले.

"लहानू, लय गाढव हायेस तू. व्हाइटनर आण. एकोणतीस कर."

"एकोणतीसलाही मी पेठला होते."

"मग अठ्ठावीस. बाई, तारखांना काय तोटा हाय का? आन् तुमाला काय चिंता, तुमच्या लोकांना सरकारी नोकऱ्या पडल्यात की ढीगभर."

माझी कानशिलं तापली. 'तुमच्या लोकांना'! माझ्या आईनं वीस वर्षं कंपनीत पॅकिंग केलं तेव्हा तो ढीग कुठे होता? मी हेच बोलले, याहून जास्त बोलले. न्यायाधिकरणात खेचेन म्हणाले. आबा पान चघळत ऐकत होते. न्यायाधिकरणात चार-पाच वर्षं सहज जातात, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

लहानूभाऊंनी तारखेवर आणि शिक्क्यावर व्हाइटनर लावला, फुंकर घालून वाळवला आणि अठ्ठावीस लिहिण्याआधी कागद भोये सरांपुढे धरला. "खाडाखोडीवर तुमची सही लागंल सर."

आबांनी स्वतःचं पेन पुढं केलं.

सर कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, करणार. हात उचललाही होता. मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

"नाय," ते म्हणाले.

"भोये, तुमचाबी कागद हाय कपाटात."

"काढा की तो."

"काय?"

"काढा म्हणलं. तारीख मी घालतो."

लहानूभाऊ आबांकडे बघायला लागले. आबांनी मान हलवली, बहुतेक भीती घालायला. कपाट करकरलं. पिवळा पडलेला कागद टेबलावर आला. सरांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. कोऱ्या जागी लिहिलं, ९ जून २००९. मग 'वैयक्तिक कारणास्तव' या शब्दांवर रेघ मारली आणि वर बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खोट्या कागदावर साक्षीची सही केली म्हणून'.

"सर!" मी ओरडले. "राजीनाम्यानं मागची सगळी सेवा बुडते. पेन्शन जाईल. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करा!"

"त्याला तीन महिने थांबाय लागतंय, मॅडम. तीन महिन्यांत मी पुन्हा बदलेन." ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "मी मला वळखतो."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता आबा वरमतील. निदान माणूस म्हणून म्हणतील, अहो भोये, बसा, असं काय करता. आबांनी तो कागद उचलला, नीट वाचला, आणि मी बघत असताना त्यांच्या चेहऱ्यावर हिशोब जुळल्याचं समाधान पसरलं. राज्यशास्त्राची एक जागा मोकळी हवी होती. झाली होती. कोणाची, याच्याशी त्यांना काय देणंघेणं?

"मंजूर," आबा म्हणाले. "लहानू, शिक्का मार. कारणाची ओळ टाईप करताना गाळ. आन् बाईंचा कागद त्यांना देऊन टाक."

माझा राजीनामा माझ्या हातात आला. तारखेच्या जागी नुकताच वाळलेला पांढरा डाग. मी नोकरी वाचवली होती, आणि माझ्या आयुष्यात इतकी चीड मला कधी आली नव्हती. जायचं होतं कोणी आणि गेलं कोण! मी सरांच्या मागे धावले. सायकल स्टँडपाशी मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "असं कशाला केलंत? त्यांना हवं तेच झालं ना!"

"हो," सर म्हणाले. "पण सही माझी व्हती."

पंधरा जूनला कॉलेज उघडलं. आबा फाटकात उभे राहून नव्या मुलांना गुलाब वाटत होते. स्टाफरूममध्ये रोशनी मॅडम, म्हणजे त्यांच्या सूनबाई, माझ्याच शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. गोड हसल्या. मी तो पांढऱ्या डागाचा कागद स्टाफरूमच्या नोटीस बोर्डावर चार टाचण्या मारून लावला आणि मोठ्यानं विचारलं, "वीस कागद अजून कपाटात आहेत. कोण येतंय माझ्याबरोबर आपापले मागायला?" कोणाला वह्या तपासायच्या होत्या, कोणाला पाणी प्यायचं होतं. बेल झाली.

मी तणतणत वर्गात गेले. धडा अर्धा राहिला होता. फळ्यावर 'मंत्रिमंडळाची जबाबदारी' लिहिलं. खडू दोनदा तुटला.

"तर मंत्री गेले," मी म्हणाले. "एकामागून एक गेले. पंतप्रधान गेले नाहीत. ते आपल्या जागेवर आहेत."

कोणी हसलं नाही. समोरच्या व्हरांड्यात शिपाई स्टुलावर चढून 'प्राचार्य गो. रा. भोये' ही पाटी काढत होता. स्क्रू गंजला होता, निघत नव्हता. सगळा वर्ग तिकडंच बघत होता. पोरांना सगळं कळलेलं असतं, आपल्यालाच वाटतं की कळत नाही.

सविताने हात वर केला.

"मॅडम, माझे शंभर मार्क."

"कसले शंभर मार्क?"

तिनं वही उघडली, सहा तारखेचं पान काढलं, माझंच वाक्य बोटानं दाखवलं आणि मग तेच बोट खिडकीबाहेर, त्या पाटीकडे नेलं.

"एक माणूस दाखवा म्हणाला होतात," ती म्हणाली.