दिवेलागणीचा फोन

दिवेलागणीला फोन वाजला तशी सयाजीरावांनी हातातली वैरणीची पेंढी गोठ्यातच टाकली, सोप्यात येऊन रिसीव्हर उचलला आणि रोजच्यासारखं खेकसले,

"हॅलो! कोण हाय?"

रोज या वेळी पलीकडून कुणी बोलत नसे. आज पुरुषाचा आवाज आला.

"पावणं, जोतीराम रिक्षावाला बोलतोय, कोल्हापुरातनं. माझ्या रिक्षात मोबाईल राह्यलाय कुणाचातरी. त्यात सारखा ह्योच नंबर लावल्याला दिसतोय. 'आई' म्हणून नाव हाय. तेवढं आईस्नी द्या की फोन. लेकीचा मोबाईल सापडलाय म्हणावं."

सयाजीरावांनी आत पाहिलं. स्वयंपाकघरात अजून दिवा लावलेला नव्हता.

"आई न्हाय. वारली," ते म्हणाले. "मी येतो सकाळी न्यायला."

लेकीने बौद्धाच्या घरातल्या नागसेनशी लग्न केलं, त्या दिवशी सयाजीरावांनी तिच्या नावाने आंघोळ केली होती. या घरात पुन्हा तिचं नाव निघायचं नाही, असं भावकीसमोर बजावलं होतं. जावई बँकेत होता, निर्व्यसनी होता, पण हट्टाला पेटलेल्या माणसाला कोण समजावणार? तानाबाईंनी मात्र नवऱ्याचा शब्द पाळला. दिवेलागणीला फोन वाजला की त्या पदराला हात पुसत धावायच्या, "राँग नंबर हाय बाई," म्हणायच्या आणि मग त्या राँग नंबरलाच घरचं सगळं सांगत बसायच्या. म्हस याली, रेडी झाली. ह्यांचा गुडघा धरलाय, पण दवाखान्यात जातील तर शपथ. येळंवर जेवत जावा बाई. बाहेर कट्ट्यावर बसलेले सयाजीराव तेवढ्यापुरता रेडिओ बारीक करायचे. त्यांना काही कळत नव्हतं असं नाही.

श्रावणात तानाबाई गेल्या. लेकीला कळवायचं कुणी काढलं नाही आणि यांनीही तोंड उघडलं नाही. फोन मात्र येत राहिला. सयाजीराव हॅलो हॅलो करायचे, पलीकडे नुसता श्वास, शेवटी शिवी हासडून ठेवून द्यायचे. पोरगी अजून आईची वाट बघतेय, हे त्यांच्या काळजाला घरं पाडत होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती.

सकाळी धार काढून त्यांनी हातकणंगल्याहून गाडी धरली. कोल्हापूर स्टेशनबाहेर जोतीरामने मोबाईल त्यांच्या हातात ठेवला.

"चार बायका बसल्यात्या रिक्षात, कुणाचा त्ये कळंना. तुमास्नी पत्ता ठावं हाय न्हवं?"

"हाय."

पत्ता त्यांना कुणी दिलेला नव्हता. बाजाराला आले की त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन ते परत फिरायचे, एवढंच. आज ते आत शिरले. 'तुझी आई गेली' हे तीन शब्द कसे म्हणायचे, त्याची जुळवाजुळव रात्रीपासून चालली होती.

दार लेकीनेच उघडलं. हाताला कणीक लागलेली होती. लेकीचं नाव सयाजीरावांच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं.

"आबा," ती म्हणाली.

"रिक्षात राह्यलाता." त्यांनी मोबाईल पुढे केला.

तिने तो घेतला, पण पाहिलासुद्धा नाही. "आत या की."

उंबऱ्यात पाय टाकता टाकता त्यांनी मान वर केली. समोर भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी तानाबाईंचा फोटो होता. कुठल्याशा जत्रेतला, मोठा करून घेतलेला. त्याला शेवंतीचा ताजा हार होता.

"कवा कळलं?"

"त्याच दिवशी. धोंडुआत्यानं सांगितलं. रक्षाविसर्जनाला आलतो की मी. रस्त्यापल्याड बाभळीखाली उभी हुतो. तुम्ही चारचौघांत हाकलून दिलं असतं, तर आईच्या जिवाला लागलं असतं."



"मग रोज फोन कुणाला करतीस?"

"तुमास्नी."

"बोलत तर न्हाईस."

"बोलल्यावर तुम्ही उचलायचंच बंद केलं असतं. तुमचं हॅलो ऐकतो, तेवढं बास होतंय मला. आवाज ठणठणीत असला की वाटतं, जेवत्यात म्हणायचं."

"धार काढायची राह्यलीया," सयाजीराव म्हणाले. आणि पाणीही न घेता वळले. तिने अडवलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र त्यांच्याने चालवेना. तिथल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ते लहान पोरासारखे रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू दे, असं ते मनाशी म्हणाले.

संध्याकाळी सयाजीराव दिवा लावून फोनजवळच बसले होते. रेडिओ लावलाच नव्हता. फोन वाजला, त्यांनी उचलला. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"राँग नंबर न्हाय बाई," ते म्हणाले.

पलीकडे हुंदका फुटला. सयाजीरावांनी तो सरू दिला. मग त्यांनी गोठ्याकडे पाहिलं.

"रेडी मोठी झालीया. अंगानं चांगली भरलीया. तुझ्या आईनं नाव ठिवलंया तिचं." ते थांबले. "अनू. सकाळधरनं रातच्यापतोर हाका मारायची तिला, अनू, अनू म्हणून. मी ऐकत हुतो."