व्हर्नाच्या होस्टाखालची माती

व्हर्नाची होस्टा आमच्या गावात सगळ्यांना हवी असायची. सावलीत वाढणारी, परातीएवढ्या पानांची ही झाडं खणून ती दर सप्टेंबरला चर्चच्या विक्रीला द्यायची. यंदा मी गाडी घेऊन गेले, तेव्हा कुंड्या ओळीने तयार होत्या. शेवटचं झाड काढताना ती थबकली.

"मार्लिस, हे बघ गं. मुळांनी माती धरलेलीच नाही."

झाड हाताने अलगद वर आलं. खालची माती कॉफीच्या चोथ्यासारखी दाणेदार, सुटी.

"छान भुसभुशीत आहे की," मी म्हणाले.

तिने बोटं घालून एक गांडूळ काढलं. ते सापासारखं उसळलं, तिच्या मनगटावर आपटलं आणि खाली पडलं. शेपूट मात्र चिमटीतच राहिलं, वळवळत.

"जन्म गेला बागेत आणि गांडुळाला घाबरलीस होय?"

ती हसली नाही. पडलेलं गांडूळ तिने डब्याच्या झाकणात धरलं. "गळ्याजवळचा पट्टा बघ. आपल्या नेहमीच्या गांडुळाचा फुगीर असतो, पाठीवर खोगीर घातल्यासारखा. हा पांढुरका, सपाट, आणि पूर्ण गोल फिरलाय."

बागमंडळाच्या सभेत आम्ही हेच चित्र पाहिलं होतं. उड्या मारणारी गांडुळं. पालापाचोळा फस्त करतात, मातीत काही उरू देत नाहीत, रोपांच्या मातीबरोबर एका बागेतून दुसरीत जातात आणि त्यांच्यावर खात्रीचा उपाय नाही. तेव्हा वाटलं होतं, आपल्याकडे कुठली यायला.

मोहरीच्या झोंबण्याने गांडुळं वर येतात, म्हणून व्हर्नाने पाण्यात मोहरीची पूड कालवून वाफ्यात ओतली. क्षणभर काहीच नाही. मग सगळा वाफाच हलायला लागला. मी दोन पावलं मागे सरले.

"गेल्या वर्षी तुला झाडं दिली, ती कुठे लावलीस?" तिने विचारलं.

"मागे. मेपलच्या रानाला लागून."

उरलेलं पाणी घेऊन आम्ही माझ्या घरी गेलो. मेपलखाली पाणी ओतलं. तिथेही ती आली, एकमेकांवर उसळत. मी तिथेच पाचोळ्यात बसले.

विकायच्या कुंड्या आम्ही काळ्या पिशव्यांत बांधून, निदान त्यांतली गांडुळं मरावीत म्हणून, उन्हात तापत ठेवल्या. रविवारी प्रार्थनेनंतर व्हर्ना उभी राहिली. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "ज्यांनी माझ्याकडची झाडं नेली, त्यांनी हात वर करा."

एकेक हात वर जायला लागला. पाद्रीबाबांचाही गेला. व्हर्नाने पुढचं बाक घट्ट धरलं. हात वर जातच होते.