न प्यालेला गहवा

लेथ निवडायला मिळावा आणि पैसे दुसऱ्यानं मोजावेत, याहून मोठं सुख टर्नरला नाही. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, अबू सालेह याच्या वडिलांची शिकारीची रायफल होती. अलीकडे तिचा नेम चुकायला लागला होता. परवाना, परवानगी सगळं रीतसर असूनही तो ती दुकानात देईना. बापाच्या वस्तूला परका हात नको, घरीच आणि स्वतःच दुरुस्त करीन, असा त्याचा हट्ट. तरुणपणी त्यानंही वर्कशॉपात हात काळे केले होते, म्हणून मी हसलो नाही. नळीच्या कामाला लागतील ती अवजारं निवडायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं.

मी पेटलोच. सौदीतल्या हुफूफच्या वर्कशॉपात माझा जन्म पाइपांचे फ्लँज कापण्यात चाललेला. बारीक कामाला हात नुसते शिवशिवायचे. कॅटलॉग चाळून मी लांब बेडचा लेथ, रीमर, गेज असं सगळं निवडलं. म्हाताऱ्याला हे एकट्याला झेपायचं नाही, शेवटी मलाच, या धोंडीरामलाच, हाक मारील, हा माझा हिशेब. बायको कृष्णाबाई फोनवर म्हणाली, दुसऱ्याच्या घरचं लग्न आणि नवरदेवासारखे तुम्हीच नटताय. मला राग आला, कारण ते खरं होतं.

ऑर्डर देण्याआधी रायफल बघायला अबू सालेहनं घरी बोलावलं. अरबी बोलायला दापोलीचे हुसेनमियाँ सोबत होते. मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर बसलो. गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, पाठोपाठ रायफल आली. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मी भरलेला पेला तसाच खाली ठेवला आणि नळीत टॉर्च मारला.

नळी उत्तम होती. वर्षानुवर्षं पुढून सळई घालून साफ केल्यानं फक्त तोंडाची कड झिजली होती. हातानं फिरवायचं एक छोटं कटर पुरेसं होतं. माझा लेथ तिथंच बुडाला.

मान वर केली तर अबू सालेह पेल्याकडे बघत होता. हुसेनमियाँ माझ्या कानाशी आले. "धोंडू, पावण्यानं न पिता पेला खाली ठेवला म्हंजे त्याला कायतरी मागायचा हाय. आता तू मागशील ता त्याला देवचाच लागंल."

लेथ माग, असं मन ओरडत होतं. पण चांगल्या नळीवर खोटं बोलायला जीभ वळेना. लेथची गरज नाही, कटर पुरे, हे मी सांगितलं. मात्र हाताची खाज काही जाईना. "ते काम मला करू द्या," मी म्हणालो.

अबू सालेहचा चेहरा उतरला. त्यानं पेला उचलून माझ्या हातात दिला. "पी. दिलं." हुसेनमियाँनी त्याचं बोलणं तेवढंच मराठीत सांगितलं. मी गहवा पिऊन टाकला. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा दिसत होता, आणि ते मी केलं होतं.

कटर आल्यावर पुन्हा गेलो. रायफल कापडात गुंडाळून शिकंज्यात बसवली, कटर नळीच्या तोंडाला लावलं. अबू सालेह हात पाठीमागे बांधून उभा. शब्द दिलेला, त्यामुळे पुढे येईना. माझी बोटं मुठीवर होती. आयुष्यात एवढं नाजूक काम पुन्हा वाट्याला येणार नव्हतं. मला ते फार हवं होतं.

मी हुसेनमियाँना म्हणालो, "त्यांना सांगा, आमच्यात नव्या अवजाराचा मुहूर्त मालकाच्या हातानं होतो. त्याशिवाय कामाला हात लावत नाहीत."

म्हाताऱ्यानं ते ऐकलं, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बाह्या सारल्या. पहिले दोन फेरे अडखळले. मी त्याचं मनगट सरळ धरलं, मग सोडलं. कड हळूहळू चकाकायला लागली. मध्येच थांबून त्यानं विचारलं, मुहूर्त झाला का?

"अजून नाही," मी म्हणालो. शेवटचा फेरा होईपर्यंत त्याला तेच सांगत राहिलो.