तीन नंबरचा ब्लॉक

विशाखाने काचपट्टी पुन्हा मायक्रोस्कोपखाली सरकवली, तर तपकिरी ठिपके पुन्हा तिथेच. मज्जातंतूच्या कडेने, माळेतल्या मण्यांसारखे. आता हे काय नसतं झेंगट! पट्टी रुग्णाची नव्हतीच. ताडून बघायला ठेवलेल्या निरोगी माणसाची होती.

मस्कतच्या या लॅबमध्ये कंपवाताची चाहूल कातडीतून शोधत. या आजारात पेशीतलं एक प्रथिन फॉस्फेट चिकटून बदलतं. तेवढ्या बदललेल्यालाच धरणारं औषध पट्टीवर सोडायचं; ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो. निरोगी कातडी मिळेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी लॅबमधल्या चौघांनीच मानेमागची मसुराएवढी कातडी दिली होती. लॅबचे प्रमुख नबील सर, शेजारच्या टेबलावरची रत्नागिरीची झरीन, मदतनीस रमणकाका आणि ती स्वतः. ती मेणात बसवून केलेल्या ब्लॉकवर नंबर तेवढा घालायचा, नाव नाही, हा नबील सरांचा दंडक. तीन नंबरचा ब्लॉक आजवर कापायची वेळच आली नव्हती; ही पट्टी त्याचीच.

तिने सगळं नव्याने केलं. पातं बदललं, रसायनं बदलली. ते औषध न घालता केलेली पट्टी कोरी निघाली. घातलं की ठिपके हजर. म्हणजे रंगाची चूक नव्हती. चौघांपैकी एकाच्या अंगात कंपवात गुपचूप मुरत होता, आणि तो माणूस रोज सगळ्यांबरोबर हसतखिदळत चहा पीत होता.

तिचा संशय रमणकाकांवर. हल्ली त्यांच्या हातातली कपबशी खुळखुळायची. तिने आडून आडून विचारलं, तेव्हा नबील सर म्हणाले की नावांची यादी कधी केलीच नाही. मग सहज बोलावं तसं म्हणाले, हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी नाकाला वास येणं बंद होतं, आणि बऱ्याच जणांना ते कळतही नाही.

झालं, तिच्या डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी मत्रहच्या बाजारातून लुबान, म्हणजे उग्र वासाच्या धुपाचे खडे, आणलं. दुपारी चहाच्या खोलीत निखाऱ्यावर भरपूर घातलं आणि दार उघडं टाकून समोरच बसली.

नबील सर आले, डोळे मिटून उभे राहिले, आजीच्या सलाला गावातल्या घराबद्दल बोलत सुटले. झरीन वासाला नाक मुरडत, शिंकत आली. रमणकाकांना यायला उशीर झाला. एवढ्यात पॅसेजच्या टोकाकडून त्यांचा आवाज आला.

"बाई, ऊद घातलात काय? लिफ्टपर्यंत घमघमतंय."

तिचा जीव भांड्यात पडला. देवा, सुटले म्हातारे. तिघांनाही वास आला होता. मोठं ओझं उतरलं, आणि ती हसली. मग हळूहळू तिचं हसू थांबलं.

तिने धुपाटणं जवळ ओढलं. त्यावर वाकली. धुराने डोळे चुरचुरले, घसा खवखवला. तिने आणखी खोल श्वास घेतला.

"ताई, इतक्या जवळ काय बसलीस?" झरीनने नाकाला ओढणी लावली. "वासाने डोकं नाही चढत तुझं?"

विशाखाने आणखी एक खडा निखाऱ्यावर ठेवला.

"नाही गं," ती म्हणाली. "छान येतोय."